समोरच्या दाताची फितुरी

३ ऑक्टोबर
यंदा पंचायत समिती आपली. ठरलं.
बॅनरसाठी केजला जाऊन फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, साहेब, हसा. हसलो. त्याने एकदा मशीनमध्ये बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला की तोंड मिटूनच बरं दिसतं, वजन येतं. बरोबर आहे. नेत्याने दात काढू नयेत.
समोरचा वरचा दात जरासा हलतो. काळजीचं कारण नाही. दुखत नाही, म्हणजे निरोगीच आहे.

५ ऑक्टोबर, सकाळ
राजनंदिनी लातूरहून आली. लेक दाताची डॉक्टर होतेय, शेवटचं वर्ष. तिने मोबाइलच्या उजेडात माझं तोंड बघितलं आणि चेहरा असा केला की जणू घरात चोरी झालीय. म्हणाली, अण्णा, हिरड्या आजारी आहेत, दातांवर किटण साचलंय, मिश्री बंद करा, सकाळी आणि झोपताना मऊ ब्रशने घासा.
मी शांतपणे समजावलं. ब्रश लावला की रक्त येतं. मिश्री लावली की येत नाही. मग औषध कोणतं आणि विष कोणतं? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. म्हणाली, तंबाखू रक्त दाबून ठेवते, आजार आत वाढतच असतो. पण हे पुस्तकी झालं.
किटण काढून घ्या, असंही म्हणाली. आमच्या आळीतल्या बंकटने काढलं होतं. पंधरवड्यात दात हातात! तर लेक म्हणे दात आधीच सुटलेला होता, नुसता किटणाने धरून ठेवलेला. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. जो आधार देतोय त्याला का काढायचं?
ती उठून आत गेली. जनतेला सत्य पचत नाही, तसं लेकीलाही.

६ ऑक्टोबर
तिच्या समाधानासाठी ब्रश केला. रक्त आलं. ब्रश बडतर्फ.

९ ऑक्टोबर
घात झाला. आरक्षणाची चिठ्ठी निघाली. आमचा गण महिलेसाठी राखीव.
दुपारभर आडवा पडलो. जेवलो नाही. (भाकरी नाहीतरी हल्ली समोरून तोडवत नाही.)
संध्याकाळी मार्ग सापडला. विजयमालाला उभी करायचं. सही बायकोची, कारभार आपला. तालुक्यात सगळीकडे हेच चालतं. तिला सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, बघू.
लग्न झाल्यापासून ती मला कधी ‘बघू’ म्हणाली नव्हती.

१४ ऑक्टोबर
राजनंदिनीच्या कॉलेजचं दंत तपासणी शिबिर आपल्या शाळेत. कल्पना तिची, बॅनर माझा. शाल, नारळ, फीत, सगळं रीतसर.
भाषण जोरात झालं. म्हणालो, आपल्या आज्यांनी कधी ब्रश बघितला नाही, हिरडीतून रक्त काढणारी वस्तू तोंडात कशाला घालायची? टाळ्या पडल्या. राजनंदिनी पांढरा कोट घालून मागे उभी होती. तिने टाळी वाजवली नाही.
मग अंगद ओरडला, पहिली तपासणी दादांची! हा अंगद माझा उजवा हात. असं ओरडायला मीच शिकवलंय त्याला. मी म्हणालो, आधी जनता, मग मी. पुन्हा टाळ्या. वाचलो. म्हणजे, त्याग केला.
विजयमाला मात्र सरळ जाऊन खुर्चीत बसली. राजनंदिनीच्या मॅडमनी तपासलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं की हिरडी अशी असावी, गुलाबी, घट्ट. बायका वाकून वाकून बघत होत्या. मीही बघितलं. मिश्रीने काळे झालेले ते दात गेले कुठे?

१५ ऑक्टोबर
खुलासा मागितला. लेक कॉलेजात गेल्यापासून ही बाई मिश्री सोडून बसलीय. दात लेकीने साफ करवून दिले. ब्रश गोठ्यात, आढ्याच्या फटीत. माझ्या घरात, माझ्या गोठ्यात, माझ्या बैलांच्या साक्षीने!
आणि माझी मिश्री? दर आठवड्याला तव्यावर भाजून, कुटून, डबी भरून कोण देत होतं? हीच! मी विचारलं तर म्हणाली, तुमीच मागत व्हता की.
शत्रूने केलं असतं तर एवढं लागलं नसतं. बोलणं बंद.

१७ ऑक्टोबर
मिश्री सोडली. कायमची. कुणाच्या सांगण्यावरून नाही.

१८ ऑक्टोबर
मिश्रीशिवाय पोट साफ झालं नाही. सोडणं निवडणुकीपर्यंत तहकूब. डबी रिकामी. विजयमाला म्हणाली, आता तव्याजवळ मी न्हाई जायची, तुमचं तुमी भाजा. भाजली. करपली. लावली.

२६ ऑक्टोबर
बॅनर आला. विजयमाला मधोमध, दात दाखवून हसतेय. मी खालच्या कोपऱ्यात, तोंड मिटून, हात जोडून. बघणाऱ्याला वाटेल श्रद्धांजली आहे.
अंगद म्हणाला, वहिनींचं हसू लई भारी हाय दादा, मतं वढणार. अंगदसुद्धा!
दात आता जिभेने ढकलला की पुढे जातो आणि स्वतःहून परत येतो. अजून निष्ठा आहे.

१ नोव्हेंबर
उद्या सभा. तालुक्याचे साहेब उमेदवारी जाहीर करणार. बेत पक्का: विजयमाला नमस्कार करून बसेल, बोलणार मी. माझा आवाज ऐकला की साहेबांना कळेल खरा कारभारी कोण. भाषण पाठ. जोरदार शब्द समोरच्या दाताला त्रास न देता म्हणायचे.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
साहेबांनी नाव जाहीर केलं. हार झाले. साहेबांनी स्वतःच्या हाताने मला पेढा भरवला.
पेढा! ऊस नाही, सुपारी नाही, हुरडा नाही. मऊ पेढा. चावताना काहीतरी कट्ट झालं. सगळ्यांदेखत थुंकणार कसं? गिळलं. पेढ्यात खडा असावा, असं मी स्वतःला माईकपर्यंत जाईस्तोवर सांगत होतो.
तोंड उघडलं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मागून कुणीतरी म्हणालं, खिडकी उघडली बे. पाठ केलेलं सगळं विसरलो. खाली बसलो.
विजयमाला उठली. कुणी सांगितलं नव्हतं. माईक दोन्ही हातांनी धरला. म्हणाली, बायांनो, ऊसतोडीला गेल्यावर आपण मिश्री कशापायी लावतो, ते आपल्यालाच ठावं हाय. भूक मारायला. पोटात भाकर न्हाई म्हणून तोंडात राख. मी पन सासरी आल्यावर तशीच शिकले.
पहिल्या रांगेतले पदर तोंडावरून खाली आले. मग टाळ्या. मला इतक्या कधी पडल्या नव्हत्या. साहेबांनी खुर्ची तिच्याकडे वळवून घेतली.
घरी आल्यावर तिने भाकरी दुधात कुस्करून समोर ठेवली. मी विचारलं, हे भुकेचं एवढी वर्षं मला का नाही सांगितलंस? बोलताना हवा गेली, तरी तिला कळलं.
म्हणाली, सांगनार व्हते, पन तुमी हसला असता.
खोटं नाही. हसलो असतो. चार लोकांत सांगून हसलो असतो.
आज तिच्यासमोर हसून दाखवावं म्हटलं, तर हात आपोआप तोंडावर गेला.