एकेचाळीस कंपन्यांची मालकीण

७ ऑक्टोबर, मंगळवार
रीगात आले, नोकरीवर रुजू झाले आणि खिडकीजवळचं टेबलही मिळालं. फोनवर आई म्हणाली, आता आपल्या कुल्डीगा गावाला विसरू नकोस म्हणजे झालं. बाहेर पिवळी पडलेली लिंडनची झाडं, पाठीशी जुनी भिंतशेगडी. एकदा टेकलं की उठवत नाही. कामही माझ्या चौकस स्वभावाला साजेसं. बँका कंपन्यांची नावं पाठवतात आणि आम्ही सरकारी सार्वजनिक नोंदवहीत शोधून त्यांचे खरे मालक कोण ते कळवतो. मालकीणबाई औस्मा क्रूमिन्या फार मायाळू वाटल्या. नेमणुकीचे चोपन्न कागद संगणकावर आले. मी संगणकात ओळखपत्र घालून सटासट सह्या केल्या, कारण कॉफी निवत होती.

१६ ऑक्टोबर
कंपनीची मालक दुसरी कंपनी, तिची तिसरी. पण शेवटी हाडामांसाचं माणूस दाखवावंच लागतं. समोर बसणारा उगिस म्हणतो, "कांदा आहे गं हा. सोलत जा, शेवटी कुणीतरी रडणारा सापडतोच." आज मी एक खोटी सही पकडली. औस्माबाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मला कौतुक आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू.

३० ऑक्टोबर
माझ्या खणात एक निळा कप आहे, त्यावर मीकेलिस वानाग्स असं नाव. रिकामपणाचा उद्योग म्हणून ते नाव नोंदवहीत शोधलं. तो एकेचाळीस कंपन्यांचा खरा मालक निघाला, तोही २९ सप्टेंबरपासून. उगिसला विचारलं. तो म्हणाला, मीकेलिस तुझ्या आधी इथेच बसायचा. त्याच २९ तारखेला त्याच्या नावाचा दिवस होता; कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस, तो आम्ही वाढदिवसासारखा साजरा करतो. केक कापता कापता गेला. हृदय.

जुन्या नोंदी उघडल्या. त्याआधी याच कंपन्या येकाब्स नावाच्या माणसाच्या होत्या, २५ जुलैपासून. २५ जुलै म्हणजे कॅलेंडरात येकाब्सचा दिवस. तोही याच खुर्चीत बसायचा, उगिसच म्हणाला. तोही गेला का, असं विचारलं तर उगिसने मान फिरवली.

औस्माबाईंना म्हटलं, मेलेला माणूस मालक म्हणून कसा चालेल, कळवायला हवं. त्या हसल्या. "अगं, मेलेल्याला कुणी प्रश्न विचारत नाही, तेच बरं असतं. तू कॉफी घे."

१७ नोव्हेंबर
आज उगिसच्या नावाचा दिवस. सकाळपासून माझा जीव टांगणीला लागला होता. न बोलावता सगळा मजला जमला. या दिवसाला बोलावणं नसतंच, आणि आलेल्याला दारातून परतवायचंही नसतं. औस्माबाईंनी शेवंतीची सात फुलं दिली, देण्याआधी दोनदा मोजली. जिवंताला विषम, मेलेल्याला सम, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. संध्याकाळी उगिस धडधाकट होता, केकचा तिसरा तुकडा खात होता. मी स्वतःलाच हसले.

मग घरी येताना आठवलं, तो माझ्या खुर्चीत बसत नाही.

१९ नोव्हेंबर
आज नोंदवहीत माझंच नाव शोधलं. मालक बदलण्याचे एकेचाळीस अर्ज. खरी मालक वेल्टा ओझोला. लागू होण्याची तारीख २४ नोव्हेंबर, म्हणजे माझ्या नावाचा दिवस. सही ७ ऑक्टोबरची. रोज दुसऱ्यांची तपासते तशी तपासली. खरी आहे.

लोकांच्या सह्यांत खोट काढणारी मी, स्वतःचे चोपन्न कागद न वाचता — दिव्याखाली अंधार. फार भीती वाटते आहे.

२१ नोव्हेंबर
नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, सही तुमचीच आहे ना, मग लेखी आक्षेप द्या, तीस दिवसांत उत्तर येईल. पोलीस म्हणाले, अजून काही घडलेलंच नाही.
तीस दिवस. माझ्याकडे तीन आहेत.

२३ नोव्हेंबर
कुल्डीगा. आईकडे पळून आले, कुणाला सांगितलं नाही. आई उद्यासाठी केशरी पाव मळते आहे. दाराला आतून कडी घाल म्हटलं तर म्हणाली, "तुझा दिवस आणि दाराला कडी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." सगळं सांगितलं. तिला वाटतं मला ताप आहे.
नेमणुकीच्या कागदावर पत्ता इथलाच दिला होता. आत्ता आठवलं.

२४ नोव्हेंबर
सकाळचे अकरा. गाडी थांबली. माडीवरून दिसतात — औस्माबाई पुढे. दोन माणसं, अनोळखी. उगिस मागे, मान खाली —

आई, उघडू नकोस म्हणून ओरडले. ती हसते आहे. "या, या. वेल्टा वर आहे, जरा बरं नाही तिला."

शेवंती. वरून मोजली. दहा.
परत मोजली. दहा.

आईनेही मोजली. तिचा आवाज आला, "अगंबाई, एक जास्तीचं आलंय. काढून ठेवते हं."
"राहू दे, ताई. मोजूनच आणली आहेत," औस्माबाई म्हणाल्या.

आईच्या हातून फुलं पडली. आई —

जिना वाजतो आहे.

हीच माझी नोंद समजा. ही सही मी वाचून करते आहे. त्या एकेचाळीस कंपन्यांची मालक मी नाही. खरी मालक औस्मा क्रू