दहा सेकंदांत बाहेर

९ जानेवारी
रेसच्या सुरक्षा समितीवर चालकांचा प्रतिनिधी म्हणून माझी बिनविरोध निवड. दुसऱ्या कोणी अर्जच भरला नाही, यावरून माझ्याविषयीचा आदर सिद्ध होतो. आमच्या टीमची यंदा एकच गाडी धावणार. सीट एक, दावेदार दोन: मी आणि उंट. उंट म्हणजे माझा तरुण सहकारी. सव्वासहा फूट, त्यात निम्म्याहून अधिक पायच. त्याचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे. परंतु वेग हाच एकमेव निकष मानणे तर्कदृष्ट्या सदोष होय.

१८ जानेवारी
समितीची बैठक. यंदापासून गाडीवर, चालकाच्या डोक्याभोवती, धातूचे संरक्षक कडे बसणार. त्यामुळे आग लागल्यास बाहेर पडायला उशीर होईल, म्हणून प्रत्येक चालकाची चाचणी: पूर्ण पोशाखात, बेल्ट सोडून, कोणाच्याही मदतीविना बाहेर. मसुद्यात बारा सेकंद होते. मी दहा सुचवले. नापासाला हंगामभर फेरचाचणी नसावी, हेही मीच सुचवले. अध्यक्षांनी विचारले, इतकं कडक कशाला हो? मी म्हणालो, आग फेरचाचणी घेते का? ठराव मंजूर. उंटाला नुसते पाय सोडवायलाच बारा लागतात, हा निव्वळ योगायोग.

२ फेब्रुवारी
व्यायामाचा संकल्प. उद्यापासून.

३ फेब्रुवारी
आभाळ भरून आलेले. अशा हवेत संकल्पाचा आरंभ अनुचित.

१४ फेब्रुवारी
रेससूट आटला आहे. बायको म्हणते, तो धुतलेलाच नाही. म्हणजे न धुताच आटला. कापडाचा दर्जा! पुढे म्हणाली, अहो, सोफ्यातून उठायला तुम्ही मला हाक मारता. सोफा व गाडीचे कॉकपिट यांची तुलना मूलतःच चुकीची आहे. सोफा खचतो.

२६ फेब्रुवारी
उंट गॅरेजमध्ये रोज गाडीत चढउतार करतो. आज म्हणाला, सर, तुमच्या दहा सेकंदांनी माझा घाम काढलाय, या की तुम्हीही. मी नकार दिला. नियमकर्त्याने सराव करणे म्हणजे नियमावर अविश्वास. घरी हे सांगितले, तर बायको म्हणाली, नियम लिहिलात हाताने, निघायचंय पोटाने. मी जेवायला बसलो.

१२ मार्च, सकाळ
आज चाचणी. उंटाचे सांत्वन कोणत्या शब्दांत करावे, याचा विचार करून ठेवला आहे. नाश्ता दोनदा. शक्ती हवी.

१२ मार्च, संध्याकाळ
उंट नऊ सेकंदांत बाहेर. गुडघे छातीशी घेऊन, कड्याला धरून झोका मारला. शैली म्हणून हीन.
माझे डोके, खांदे व दोन्ही हात वेळेत बाहेर होते. म्हणजे अवयवांचे स्पष्ट बहुमत. पोटाचा व कड्याचा मात्र मतभेद झाला. घड्याळवाल्याने दहा म्हटले, मग काही वेळ पाहत राहिला, मग घड्याळ खिशात टाकले. उंट धावत आला. मी त्याला बजावले, मदत नियमबाह्य आहे. तो म्हणाला, सर, चाचणी कधीच संपली, आता नुसतं तुम्हाला काढायचंय.

१५ मार्च
बहुमताच्या तत्त्वावर अपील केले. फेटाळले. आधाराला माझेच आगीचे वाक्य. सीट उंटाला मिळाली. टीमच्या मालकीणबाई म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, काका. काका! गेल्या आठवड्यापर्यंत मी सर होतो.

२१ मार्च
बचाव पथकाच्या प्रमुख बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, अडकलेल्या चालकाला ओढून काढायचा सराव आम्ही पुतळ्यावर करतो, पण पुतळा फार सहज निघतो हो. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. अखेर तज्ज्ञाची किंमत कोणाला तरी कळली. होकार दिला. बायको आत जाऊन बराच वेळ हसत होती, आनंदानेच असणार.
उद्या सकाळी मला गाडीत बसवतील. काय काय करायचे, असे मी विचारले. काहीच नाही, म्हणाल्या. फक्त हातपाय हलवू नका आणि बोलू नका.