तळं माझं, जलपर्णी माझी

१ मार्च, सकाळी ६
आजपासून मी उद्योजक. तळ्यातली जलपर्णी काढायची, देठ वाळवून टोपल्या विणायच्या. तळं स्वच्छ, बायकांना काम, प्लास्टिकला रजा. नर्सरीवाल्याला दोनशे टोपल्या कबूल केल्या. नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांचा शब्द आहे, तीस एप्रिलला पाणी मोकळं दिसलं तर काठावरची पंपाची खोली कारखान्याला मिळेल. ही खोली मला हवीच. हे म्हणाले, तुला विणता येतं का? आधी प्रकल्प, मग तपशील.

१० मार्च
तळ्यातली जलपर्णी जवळजवळ संपली! धाकटी जाऊ आणि तिच्या मैत्रिणी कमरेभर पाण्यात, मी काठावर छत्रीखाली. मॅनेजमेंट कोणीतरी करायलाच हवं.

१८ मार्च
गच्चीवर वाळत घातलेला डोंगर गायब. चोरी! धाकटी म्हणाली, चोरी कसली ताई, सगळं पाणीच होतं, उडून गेलं. उरला एका झाडूपुरता ऐवज.

१९ मार्च
शाश्वत उद्योगात कच्चा माल संपवायचा नसतो, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. धाकटीला म्हटलं, काढणं थांबव. ती म्हणाली, आपण तळं साफ करायला आलो ना, ताई? हट्टी आहे. शेवटी तळ्याच्या मधोमध आडवा बांबू बांधला. पलीकडची बाजू तिची, अलीकडची माझी.

२० मार्च, पहाटे
नाल्यातून सहा पाट्या जलपर्णी आणून माझ्या बाजूला सोडली. उगाच चर्चा नको.

५ एप्रिल
पहिली टोपली पूर्ण. तळ तेवढा जमला नाही. हे म्हणाले, बांगडी छान झाली. उद्यापासून रोज पाच टोपल्या. नक्की.

६ एप्रिल
डोकं दुखलं. उद्यापासून.

१८ एप्रिल
माझी बाजू काय फोफावली आहे! हातगुण असतो एकेकाचा. धाकटीच्या बाजूला नुसतं पाणी. बिचारी.

२९ एप्रिल
माझ्या बाजूवर आज बगळा चालत गेला. किंचित काळजी. धाकटीला मदतीला बोलवावं का? थोरलीने शब्द कसा टाकायचा? साहेब समजूतदार आहेत.

३० एप्रिल
साहेबांनी बांबूपलीकडे पाहून मान डोलावली. मग माझ्याकडे वळून विचारलं, ही कोणी लावली? मी कच्च्या मालाचा साठा समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खोलीची किल्ली धाकटीच्या हातात दिली.

विणकाम तीच शिकवणार आहे. पण आधी माझी बाजू उपसायची आहे. ताई, सकाळी सातला या, म्हणाली. छत्री आणू नका.