खड्ड्यातलं पाणी

३ मार्च १९८६, टूसॉनच्या बाहेर
अजून ट्रेलरमध्येच. बसने फ्रीमाँटला मावसबहिणीकडे निघाले होते, वाटेत दोन दिवस म्हणून नानाकाकांकडे उतरले, आणि हातात फावडं आलं. उत्तरेत, ॲन आर्बरच्या थंडीत काकूंचा दमा फार वाढला, म्हणून काकांनी तिथलं घर विकून ही उघडी जमीन घेतली. इथे काकू आडव्या होऊन झोपतात. तिथे म्हणे खुर्चीत बसून.

आज लिंबाचा खड्डा. काकूंना दारात लिंबू हवंच. गुडघाभर खणलं आणि पहार ठण्ण! खाली पांढरं, सिमेंट ओतल्यासारखं. दगड नाही, मातीच, पण चुना साचून गोठलेली. नर्सरीवाला म्हणाला, ही कॅलिची, आरपार भोक पाडा, नाहीतर पाणी साठून मुळं कुजतील. हाताला फोड.

५ मार्च
भोक पडलं! पहार एकदम खाली, मीही जवळजवळ तिच्यामागे. खाली नुसती वाळू नि गोटे. बादलीभर पाणी ओतलं, गुडुप. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग एक रोडरनर पक्षी पळताना दिसला, त्याच्यामागे दुपार गेली, भात लावायचा राहिला. काका: "पक्ष्यांच्या मागे फिरायचा पगार देतो का तुला?" पगार देतच नाहीत, म्हटलं. हसले.

८ मार्च
उतारावर टेस्टचे खड्डे. घराच्या सेप्टिक टाकीचं पाणी तिथे जमिनीत सोडायचं. खड्डा भरून माती रात्रभर भिजू द्यायची, सकाळी पुन्हा भरायचा, मग काउंटीचा, म्हणजे सरकारी, माणूस पाणी किती वेगाने उतरतं ते बघणार; तो १२ला येईल, आधी आपणच करून बघतोय. नाही उतरलं तर परवाना नाही. परवाना नाही तर घर नाही, आणि ट्रेलरमध्ये कायमचं राहू देत नाहीत.
पाणी लोर्नाचं. खालच्या अंगाला एकटी राहते, स्वतःची विहीर आहे. एवढी लांब रबरी नळी तिनेच ओढत आणली. "हनी, तू खणतेस की जमिनीवर राग काढतेस?"

९ मार्च
पाणी जिथल्या तिथे. वर मेलेली मधमाशी तरंगतेय. काकांनी काठीवर खूण करून ठेवली, तासाने पाहिली. हलली नाही.
काकू: "उतरेल हो. एवढी तहानलेली जमीन."
काका: "तहानलेली असती तर प्यायली असती ना!"
घ्यायच्या आधी एखादा खड्डा खणून का नाही बघितलात, असं मी विचारलं. नको होतं विचारायला. जमिनीचा एजंट काकांना म्हणाला होता, वाळवंट आहे, इथे पाणी ठरतंय कुठे. मलाही पटलं असतं.

१० मार्च
उतारावर आणखी वरच्या अंगाला खणलं. पांढरा थर. डावीकडे, पांढरा थर. जेवण झाल्यावर काका लिंबाच्या खड्ड्यापाशी गेले, वाकून आत बघत राहिले. आत येऊन मला हळूच:
"तिथे पाडलंस तसंच भोक टेस्टच्या खड्ड्यात पाड. तळाला, बारीक. पाण्याखाली दिसायचं नाही."
मी म्हटलं, मग संडासाचं पाणीही तसल्याच भोकांतून न गाळता थेट वाळूत जाईल. तिथून लोर्नाच्या विहिरीत.
"नंतर पाणी गाळणारी दुसरी सिस्टिम बसवू. आधी परवाना."
"मग त्या माणसाला आत्ताच विचारा ना दुसरीचं."
"आणि नाही म्हणाला तर? हिला परत बर्फात नेऊ?"
तरी नाही म्हटलं. मला जमणार नाही. माझं काय, बॅग उचलली की सुटले.
काकू पडद्यापलीकडे होत्या. ट्रेलरमध्ये सगळं ऐकू येतं.

११ मार्च
लोर्ना गरम पाव घेऊन आली. चहा आमच्याकडे, तिच्याच विहिरीच्या पाण्याचा. काकांनी मान वर केली नाही. काकू तिला आग्रह करकरून वाढत होत्या, स्वतः एक घास नाही घेतला. ती गेल्यावर काका म्हणाले, "चांगली बाई आहे." काकू: "म्हणजे?" काका उठून गेले.
संध्याकाळी खड्डे भरले, उद्या माणूस येणार. भांडी घासत होते तर उतारावरून काकांची पहार, ठण्ण, ठण्ण. पाठ धरते म्हणून बादली न उचलणारा माणूस! मी थांबवायला गेले नाही. मदतीलाही नाही. काकूही बसून राहिल्या. मग आवाज बंद. काका न जेवता झोपले.

१२ मार्च
पहार रुतून बसलीय. ना आरपार, ना बाहेर. पाणी काठोकाठ आणि मधोमध पहार उभी. काकांनी आणि मी ओढली, ढिम्म. लोर्नाने खालून पाहिलं असणार, हातमोजे चढवून आली, विचारलं काही नाही, लागली ओढायला. "वन, टू, पुल!" काकांनी हातच सोडले. म्हणे घाम आला.
काउंटीची गाडी फाटकाशी. लोर्ना उघडायला गेलीय, त्या माणसाशी हसतेय. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत, हे खरडतेय. काका पहारीपाशी उभे आहेत, खिडकीतून दिसतात.
काकू आत आल्या. धाप लागलीय. "चल बाहेर. तो विचारणार. यांच्याने बोलवणार नाही, तू बोल."
काय बोलू, म्हटलं. "झालं ते. लोर्नालाही ऐकू दे."
काकू चपला घालतायत.