मधली जागा

देवास, मंगळवार, संध्याकाळ

ती मधली जागा काही डोक्यातून जात नाही.

खातेगावहून सासू-सुना आल्या होत्या. सुनेची पहिलीच सोनोग्राफी. पोटावर जेल लावून प्रोब टेकवला, तर पडद्यावर शेजारी शेजारी दोन काळ्या पिशव्या. मी काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या. "अगंबाई, जुळी!" पडद्यासमोर हात ओवाळून त्यांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. एकदा डावीसाठी, एकदा उजवीसाठी.

मी प्रोब जरा बाजूला सरकवला. एकच पिशवी उरली.

सून घाबरून हिंदीतच म्हणाली, "मैडम, दूसरा कहाँ गया?"

समजावलं. आपल्याला ऐकू न येणारा आवाज पोटात जातो, आपटून परत येतो, त्यावरून मशीन चित्र काढतं. पोटाच्या स्नायूंतून जाताना तो कधी कधी वाकतो. मशीनला ते कळत नाही. ते त्याला सरळच धरतं, म्हणून एकाची दोन दिसली.

"मग त्यातलं खरं कोणतं?" सासूबाई.

"दोन्ही नाहीत. खरं त्यांच्या मधे आहे." जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे.

जाताना दारात हळूच म्हणाल्या, "म्हणजे दृष्ट मी भलत्यांचीच काढली हो, डॉक्टरीणबाई."

मी हसले. सगळं शास्त्र मला पाठ आहे. मग सगळे गेल्यावर बंद पडद्यासमोर, त्या मधल्या जागेवरून हात ओवाळून, मी का बोटं मोडली?

एकही वाजलं नाही.