दोनशे नंबरचं सूत

४ सप्टेंबर १९५५, रविवार, नालवाडी
नवी वही. संकल्प: जानेवारीतल्या तालुका कताई मेळाव्यात दोनशे नंबरचं सूत. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. गेली सहा वर्षं पहिलं बक्षीस माझंच, पण सव्वाशेच्या पलीकडे आजवर या भागात कोणी गेलेलं नाही. पंचवीस वर्षं ड्रॉइंग मास्तरकी केलेली बोटं आहेत. जमेल.
सकाळी दोन तास चरखा. धागा अठरा वेळा तुटला. कापूस खराब.

९ सप्टेंबर
कापूस बदलला. धागा बावीस वेळा तुटला. हवा दमट. शिवाय हल्ली पेपरवाले शाई पातळ वापरतात, अग्रलेखसुद्धा धुरकट येतो. संपादकांना पत्र लिहायचं ठरवलं आहे.

१७ सप्टेंबर, संध्याकाळ
कंदिलाभोवती रंगीत कडं दिसतं. रॉकेलमध्ये भेसळ. दुकानदाराला झापलं. त्यानं ते शेजारच्या नत्थूजीला सांगितलं, नत्थूजीनं माझ्या बायकोला, रुख्मिणीला, आणि आता घरात दुसरा विषय नाही. नत्थूजीचं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्याला गावभर मोतीबिंदूच दिसतात. चष्मा इतका जाड की डोळे वांग्याएवढे झालेत. म्हणाला, गुरुजी, डिसेंबरात कारंज्याले डोळ्याचं शिबिर आहे, चाला माह्यासंगं. मी म्हटलं, पाहू. म्हणजे नाही.

६ ऑक्टोबर
शोध लागला! दोष डोळ्यांचा नाही. पांढरी भिंत, पांढरं धोतर, त्यात पांढरा धागा. दिसणार कसा? रुख्मिणीला काळं लुगडं नेसून समोर बसायला सांगितलं. म्हणाली, मंग भाकरी कोन करीन? शेवटी चरख्यामागे काळी छत्री उघडून ठेवली.
नत्थूजी येऊन विचारून गेला, छप्पर गळून राह्यलं काय?

८ ऑक्टोबर
छत्रीचा रंग उडालेला आहे. नवी घ्यावी लागेल.

१९ ऑक्टोबर
दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. सुतारानं ती मुळातच अरुंद केली होती. चोवीस वर्षांत आज लक्षात आलं.

२ नोव्हेंबर
थकवा. सकाळी चरखा मांडायचा, दुपारी उचलून ठेवायचा. मधे काय झालं ते विचारू नये. मी खोलीत आलो की बोलणारे गप्प होतात. रुख्मिणी ताटात भाजी कुठे आहे ते सांगते, जसा काही मी पाहुणा आहे. चिडलो. मग भाजी समजून लोणचं तोंडात घातलं. तसंच खाऊन टाकलं.

१० नोव्हेंबर
मोठा दिवस. पूर्ण एक तास कातलं, धागा एकदाही तुटला नाही. दिसलाही नाही. बोटांना लागलाही नाही. आधी घाबरलो, मग उलगडा झाला. सूत जितकं बारीक तितकं कमी दिसणार, हे उघड आहे. आज ते अजिबात दिसलं नाही, म्हणजे मी कुठवर पोचलो!
रुख्मिणीला दाखवलं. तिनं चरखा माझ्यापुढून ओढून घेतला. मग म्हणाली, तुमी हातपाय धुवून घ्या, सूत मी गुंडाळून ठेवीन. तिला सुतातलं फारसं कळत नाही. पण दुपारी चरख्याच्या चातीवर, जिच्यावर सूत गुंडाळलं जातं, हात फिरवला तर खरंच भरलेली लागली. सकाळी उगाच शंका घेतली.

२४ नोव्हेंबर
सुताची गुंडी पूर्ण झाली. ठरल्या लांबीचं वजन जितकं कमी तितका नंबर मोठा, म्हणून सोनाराच्या काट्यावर तोलून घेतली. एकशे अठरा नंबर! दोनशे नाही, पण न पाहता एकशे अठरा म्हणजे थट्टा नव्हे. नत्थूजीला मुद्दाम नंबर ऐकवला. तो रुख्मिणीला म्हणाला, वैनी, हे काय होय? तिनं त्याला चहा दिला.
ती हल्ली पहाटे कधी उठते कळत नाही, आणि दिवसा पेंगते. डोळे चुरचुरतात म्हणते. तिलाच शिबिरात न्यायला हवं.

३ डिसेंबर
नत्थूजी मोटारस्टँडवर जाण्याआधी दारात उभा. शिबिर आजपासून. मी स्पष्ट सांगितलं, एकशे अठरा नंबर काढणाऱ्याच्या डोळ्यांत डॉक्टर काय शोधणार? वर पट्टी बांधून आठ दिवस उताणं निजवतात. मेळावा तोंडावर आहे, सराव बुडेल.
रुख्मिणी पुढे आली, अहो म्हणाली, आणि थांबली. मी विचारलं, काय? म्हणाली, काई नाई. म्हणजे तिलाही पटलं.

१४ जानेवारी १९५६, संक्रांत
डावा डोळा ठणकतो. तिळगुळाची उष्णता. गुलाबपाणी घातलं.

१७ जानेवारी
गुलाबपाणी बंद. एरंडेल. डोकं फुटेल असं वाटतं, उलटीही झाली. रुख्मिणी डॉक्टर डॉक्टर करते आहे. बारा दिवस राहिलेत, मेळावा झाला की जाऊ. तिला शब्द दिला आहे.

२९ जानेवारी, रविवार
यंदा नियम बदलले. घरची गुंडी चालणार नाही, अर्धा तास सगळ्यांसमोर कातायचं. बायकांची रांग मांडवाच्या पलीकडे. रुख्मिणी म्हणाली, चाला घरी, अंगात कणकण आहे माह्या. मी म्हटलं, तू तिकडे बायकांत जाऊन टेक, मी बसतो.
बसलो. हात काय सुरेख चालला. एकदाही तुटला नाही. घंटा झाली. परीक्षक सुलोचनाबाई, माझी जुनी विद्यार्थिनी. माझ्यापाशी आली आणि थांबली. हळूच विचारलं, गुरुजी, धागा कुठं आहे? मी म्हटलं, बारीक आहे बाई, नीट पाहा. तिनं माझ्या डाव्या मुठीतून कापसाचा पेळू काढून घेतला आणि परत माझ्याच हातात दिला. जसाच्या तसा होता. अर्ध्या तासात बोटभरही कमी झाला नव्हता.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
नत्थूजीनं हाताला धरून बैलगाडीत बसवलं. रुख्मिणी वाटभर रडत होती. पहाटे उठून मीच कातून ठेवत होती म्हणाली, तुमचं तोंड पाहवत नव्हतं.  

११ फेब्रुवारी
आज अक्षर रुख्मिणीचं. मी सांगतो, ती लिहिते.
नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू पिकून आत फुगला, डोळ्यात दाब वाढला. डावा डोळा गेला. डिसेंबरात आला असतात तर वाचला असता म्हणाले. उजव्याचं ऑपरेशन लवकरच करू, थोडंफार दिसेल. थोडंफार म्हणजे किती, ते सांगितलं नाही.
हे ऐकल्यापासून रुख्मिणी धड जेवत नाही. त्या दिवशी बोलली असती तर, एवढंच म्हणते. मी म्हटलं, बोलली असतीस तरी मी ऐकलं नसतं, सोनाराचा काटा खोटा ठरवला असता. ती म्हणाली, ते बी खरं. मग दोन घास खाल्ले.
काल तिच्याकडून ही वही पहिल्यापासून वाचून घेतली. मधलं गाळून वाचली असती तर बरं झालं असतं, पण ती चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचते. तिला सुतातलं फारसं कळत नाही, या वाक्याशी ती थांबली. उठून पाणी पिऊन आली. परत तिथूनच वाचायला लागली.
मी सांगितलं, लिही: उजवा डोळा बरा झाला की पुढच्या जानेवारीत दोनशे नंबर. म्हणाली, हे मी लिहिणार नाई, डोळा रस्ता पाह्याले लागते. बरं, मग लिही: एकशे अठरा नंबरचं सूत रुख्मिणीचं आहे, मी नुसता हात हलवत होतो.  मग लेखणीचा आवाज आला.
लिहिलं म्हणते. मला दिसत नाही.