स्प्रिंग किती दाबावी

बाबा, अजून डोळ्यांपुढे आहे: मी भाकरी थापते आहे, आई पाण्याला गेली आहे, आणि तुम्ही अकोल्याच्या घराच्या अंगणात पंप उघडून बसला आहात. दांडा फिरतो तिथून पाणी झिरपू नये म्हणून ग्रीस लावलेली दोरी ठासता आणि मला हाक मारता, “पाहून ठेव, पोरी. गळलं तं आवळायचं. कागदावर कायले मांडतं? हाताले समजते.” मी पाहायला आले आणि तव्यावरची भाकरी करपली. आईची बोलणी तुम्हीच खाल्लीत.

ते शिकणं घेऊन मी अमरावतीला सासरी आले. हे गेल्यापासून पंपदुरुस्तीचं दुकान मीच चालवते. यंदा एका तेलगिरणीच्या बॉयलरला पाणी देणारा पंप आला. चौरस सेंटिमीटरला वीस किलोचा दाब. त्यात दोरी नसते, मेकॅनिकल सील असतं. एक गुळगुळीत कडी दांड्याबरोबर फिरते, दुसरी जागेवर राहते, आणि स्प्रिंग दोघींना चिकटवून धरते. जुनं सील गळत होतं. एवढा दाब आहे म्हणून मी नव्याची स्प्रिंग चांगली आवळून बसवली. तासाभरात ते जळालं. गिरणीचा फोरमन म्हणाला, “वहिनी, भाऊ होते तवा असं नोतं. आता एकच खेप पाहतो, नाई तं काम नागपूरले धाडतो.” गिरणी गेली तर दुकानात उरतं काय? मी म्हणाले, “माल खराब आला, भाऊ.”

मग सातवी शिकलेली मी सीलचं पुस्तक घेऊन बसले. दोन दिवस एकच पान वाचलं. पंप बंद असताना कड्या जुळून राहाव्यात, एवढ्यापुरतीच स्प्रिंग लागते. दाब चढला की पाणीच मागून कडीला रेटतं. दोन्ही जोर मिळवून गणित केलं, तेव्हा स्प्रिंग चार मिलिमीटर दाबणं पुरे निघालं. मी सात दाबली होती. कड्यांच्या मधे ओलसुद्धा उरली नव्हती, कोरड्या घासून जळाल्या. तुमचा हात खरा होता, बाबा, पण तो दोरीचा.

काल चारवर बसवलं. पंप दाबाला लागला, मी खाली तळहात धरला, एक थेंब आला नाही. फोरमन म्हणाला, “जमलं बा, वहिनी!” मी नुसती हसले. आधीचा माल चांगलाच होता, हे काही बोलले नाही.

बाबांना एवढं लिहून कागद कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी गिरणीत गेले आणि आधीचं सील मीच जाळलं होतं, असं फोरमनला सांगितलं.